मोटर का ऐकत नाही? फवारणी पंपाचा वेग अर्डुइनोने सांभाळताना दोष कसा शोधावा

पाचोऱ्याला माझं फवारणी पंप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. कपाशी गुडघ्याला लागली की पाठीवरच्या बॅटरी पंपांची दुकानापुढे रांग लागते. गेल्या काही वर्षांत त्या रांगेत आयटीआयची आणि डिप्लोमाची मुलंही दिसू लागली आहेत. हातात पंपाची १२ व्होल्टची मोटर, एक अर्डुइनो (कोड टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि ब्रेडबोर्डवर तारांचा गुंता. प्रोजेक्ट बहुतेकांचा एकच असतो: नॉब फिरवून पंपाचा वेग कमी-जास्त करायचा, म्हणजे कोवळ्या कपाशीवर बेताचा फवारा आणि केळीच्या बागेत जोरदार. तक्रारही एकच. "भाऊ, मोटर फिरी नही ऱ्हायनी."

मग लॅपटॉप उघडतो, कोडमधला एखादा आकडा बदलला जातो, पुन्हा अपलोड, पुन्हा तेच. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत असं चाललेलं मी पाहिलं आहे, आणि दोष निघाला तो एका निसटलेल्या ग्राउंडच्या तारेत. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या साखळीचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा एकटा तपासा, आणि मल्टिमीटरचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय काहीही बदलू नका. खाली तोच क्रम दिला आहे. उदाहरण फवारणी पंपाचं आहे, पण ब्रश असलेली कोणतीही छोटी डीसी मोटर घेतलीत तरी वाट हीच.

हाताशी काय असावं

साधा मल्टिमीटर हवाच. त्यासोबत मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या. या लेखातलं सगळ्यात उपयोगाचं हत्यार तेच आहे. ५ अँपिअरचा पात्यांचा फ्यूज आणि त्याचा होल्डर ट्रॅक्टर-मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. तो बॅटरीच्या प्लसला, बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. १२ व्होल्टला माणसाला झटका बसत नाही म्हणून मुलं बेफिकीर असतात, पण पंपातली लेड-अ‍ॅसिड बॅटरी शॉर्ट झाली तर बारीक तार लाल होऊन टेबलाला चटका देते. फ्यूज नसेल तर पुढचं काहीही करू नका.

पंप जुना असेल तर आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, हातमोजे घाला. पंपाच्या डोक्यात औषधाचे थर वाळून बसलेले असतात आणि तेच हात नंतर भाकरीला लागतात.

जोडणी कशी असायला हवी

दोष शोधण्याआधी बरोबर जोडणी कशी असते ते डोळ्यांसमोर हवं. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून मोटरच्या प्लसला. मोटरचा मायनस मॉसफेटच्या ड्रेनला (मॉसफेट म्हणजे तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच; गेटला व्होल्टेज मिळाला की तो 'उघडतो', म्हणजे ड्रेन ते सोर्स करंट वाहू देतो). मॉसफेटचा सोर्स बॅटरीच्या मायनसला. अर्डुइनोचा ग्राउंडही त्याच सोर्सला. अर्डुइनोची पिन २२० ओहमच्या रेझिस्टरमधून गेटला, आणि गेट ते सोर्स १० किलो-ओहमचा एक रेझिस्टर. मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड, त्याचा पट्टा असलेला पाय प्लसकडे.

मॉसफेटवरचं लिखाण आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. मागचा धातूचा पत्रा आतून ड्रेनलाच जोडलेला असतो, तेव्हा तो कशालाही टेकू देऊ नका.

मोटरचा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊ नका. त्याच्या आतल्या पत्र्या एखाद्या अँपिअरच्या पुढे भरवशाच्या नाहीत आणि पंपाची मोटर दोन-तीन अँपिअर सहज मागते. जाड तारा वापरा, झाळून घ्या किंवा स्क्रूच्या पट्टीत कसा. ब्रेडबोर्ड फक्त सिग्नलसाठी ठेवा.

अर्डुइनोला वीज त्याच बॅटरीतून द्यायची असेल तर मधे बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज उतरवणारी छोटी पट्टी, घाला. ते मॉड्यूल पिशवीतून काढल्यावर किती व्होल्ट देईल याचा नेम नसतो. आधी एकटंच बॅटरीला लावा, मीटर बघत स्क्रू फिरवून ५.० व्होल्टवर आणा, मगच अर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडा. या घाईत जळालेले बोर्ड माझ्या खणात पडून आहेत.

पायरी १: मोटर एकटी

सगळं सोडवा. मोटर फ्यूजमार्गे सरळ बॅटरीला लावा. फिरली? छान. नाही फिरली तर अर्डुइनोचा काही संबंधच नाही, आणि तुमची अर्धी रात्र वाचली.

बॅटरीचा व्होल्टेज मोटर लावण्याआधी आणि मोटर चालू असताना, असा दोनदा मोजा. भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी शांत असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. मोटर लावताच आकडा १० च्याही खाली कोसळत असेल तर बॅटरी संपलेली आहे किंवा आतून गेलेली आहे. उन्हाळाभर चार्ज न करता कोठारात ठेवलेल्या बॅटऱ्या हमखास अशा निघतात.

पंपावर एक खास चकवा आहे. पंपाच्या डोक्यावर छोटा प्रेशर स्विच असतो आणि मोटरची तार त्यातून गेलेली असते. लान्सची, म्हणजे फवारणीच्या दांडीची, कळ बंद असली की नळीत दाब वाढतो, स्विच वीज तोडतो आणि मोटर थांबते. हे पंपाचं नेहमीचं काम आहे, पण नवख्या मुलाला वाटतं कंट्रोलर बंद पडला. म्हणून तपासताना लान्स उघडी आणि पाणी बादलीत पडत असू द्या. स्विचची टोकं जळलेली असतील तर स्विचच्या अलीकडे १२ व्होल्ट दिसतात आणि पलीकडे काहीच नाही. तपासण्यापुरती स्विचच्या दोन टोकांवर तार टाकून बघता येतं, मात्र त्या वेळी लान्स चुकूनही बंद करू नका. नळी निसटते किंवा डोकं फुटतं.

बॅटरी सोडवून मोटरच्या दोन टोकांत ओहम मोजा. आधी मीटरच्या काड्या एकमेकींना टेकवून त्यांचाच ओहम वाचा आणि तो वजा करा. समजा मोटर १.५ ओहम निघाली. १२.५ भागिले १.५ म्हणजे ८ अँपिअरच्या वर. मोटर जागेवरून हलतानाच्या क्षणी एवढा करंट मागते, लेबलवर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. मॉसफेट, तारा, डायोड, फ्यूज सगळं या आकड्याकडे बघून ठरवायचं असतं. ५ अँपिअरचा फ्यूज सुरुवातीचा क्षणभराचा धक्का सहन करतो, पण मोटर अडकून तेवढा करंट सतत वाहू लागला तर तो उडतो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

पायरी २: मोटरच्या जागी बल्ब, पिनच्या जागी हात

आता मोटर बाजूला ठेवा. तिच्या जागी इंडिकेटरचा बल्ब लावा. बल्बला ब्रश नाहीत, झटके नाहीत, प्रेशर स्विच नाही, आणि उजेड किती ते डोळ्यांना दिसतं. १० वॉटचा बल्ब पाऊण-एक अँपिअर घेतो, म्हणजे मॉसफेटची बरी परीक्षाही होते.

अर्डुइनोच्या पिनकडून गेटकडे येणारी तार पिनमधून काढा. ती मोकळी तार आधी ग्राउंडला टेकवा: बल्ब पूर्ण विझलेला हवा. मग ५ व्होल्टला टेकवा: बल्ब पूर्ण पेटलेला हवा. पेटलेला असताना ड्रेन आणि सोर्स यांच्यात व्होल्टेज मोजा. चांगल्या मॉसफेटवर हा आकडा ०.१ व्होल्टच्या आतच राहतो.

ग्राउंडला टेकवूनही बल्ब पेटलेलाच असेल तर मॉसफेट शॉर्ट झालेला आहे. तो काढा, तिन्ही पाय एकदा एकमेकांना टेकवून गेट रिकामं करा आणि ड्रेन-सोर्समध्ये बीपवर तपासा. दोन्ही दिशांना बीप आला तर टाकून द्या. चांगला मॉसफेट एका दिशेला डायोडसारखा साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो, दुसऱ्या दिशेला काहीच नाही.

५ व्होल्टला बल्ब मिणमिणतो किंवा ड्रेन-सोर्समध्ये अर्धा-एक व्होल्ट दिसतो, असं झालं तर मॉसफेटचा नंबर वाचा. दोष बहुतेक इथेच सापडतो. आयआरएफझेड४४एन आणि आयआरएलझेड४४एन ही दोन नावं जवळजवळ सारखी आहेत. 'एफ'वाल्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. 'एल'वाला ५ व्होल्टला नीट उघडतो आणि त्याचा रोध तेव्हा ०.०२५ ओहम असतो. आयआरएफ५४०एन हाही 'एफ'वाल्यांच्याच घरातला.

चोपड्याकडची तीन मुलं दोन वर्षांपूर्वी असाच पंप घेऊन आली होती. पाच मिनिटं चालायचा, मग वास, मग बंद. त्यांनी 'एल' मागवला होता, पार्सलात 'एफ' आला होता, आणि छापील अक्षर बारीक म्हणून कोणी वाचलं नव्हतं. मोटर ३ अँपिअर घेत होती आणि ड्रेन-सोर्समध्ये ०.७ व्होल्ट अडकत होते. ३ गुणिले ०.७ म्हणजे २.१ वॉट. या आकाराच्या मॉसफेटला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर दर वॉटमागे आतलं तापमान सुमारे ६२ अंशांनी चढतं. म्हणजे १३० अंश. त्यात एप्रिलची दुपार, पत्र्याच्या शेडमधले ४२ अंश. बेरीज १७२, आणि याची सहनशक्ती १७५ अंशांपर्यंतच असते. आता 'एल'चा हिशेब करा: ३ अँपिअरला ०.०७५ व्होल्ट, पाव वॉटही नाही, चढ १४ अंश. त्या मुलांना मी हे गणित कागदावर करून दाखवलं, तेव्हा त्यातल्या एकाने आपली वही उघडून ते पुन्हा स्वतः केलं. मला फार बरं वाटलं. पुण्या-मुंबईचा बोर्ड तिथल्या थंड खोलीत चालतो म्हणून मे महिन्यात भुसावळला चालेलच असं नाही; आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, हिशेबात हवेचे अंश आधी धरावे लागतात.

एक तपासणी आणखी करता येते. गेटची तार पिनमधून पूर्ण काढलेली आहे याची खात्री करून ती क्षणभर बॅटरीच्या प्लसला टेकवा. ५ व्होल्टला मिणमिणणारा बल्ब १२ व्होल्टला लख्ख झाला, तर मॉसफेट 'एफ' जातीचाच आहे. तार चुकून अर्डुइनोत राहिली तर बोर्ड त्याच क्षणी जळेल, म्हणून हे करताना लॅपटॉपची केबलही काढून ठेवा.

पायरी ३: पिन एकटी

आता मॉसफेटची बाजू सोडा, फक्त अर्डुइनो घ्या. नॉब नको. कोडमध्ये पीडब्ल्यूएमचा ० ते २५५ मधला एकच ठरावीक आकडा लिहा आणि पिन ते ग्राउंड डीसी व्होल्ट मोजा. पीडब्ल्यूएममध्ये पिन सेकंदाला शेकडो वेळा ५ आणि ० यांत उड्या मारत असते, मीटर त्याची सरासरी दाखवतो. ६४ लिहिलं तर १.२५ व्होल्टच्या आसपास, १२८ ला अडीच, १९२ ला पावणेचार, २५५ ला पूर्ण ५.

१२८ च्या खाली शून्य आणि वर पूर्ण ५, मधलं काहीच नाही, असं दिसलं तर तुम्ही पीडब्ल्यूएम नसलेली पिन निवडली आहे. अर्डुइनोच्या उनो या बोर्डवर फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवर ही सोय आहे. बाकीच्या पिनांवर तोच आदेश दिला तर बोर्ड तक्रार करत नाही, निमूटपणे अर्ध्यावर चालू-बंद करतो. मोटर 'एकतर थांबते नाहीतर पळते' या तक्रारीचं हे पहिलं कारण.

पिन ९ किंवा १० वर काल चालत होतं आणि आज बंद, मधल्या काळात सर्वो मोटर जोडली? सर्वोची लायब्ररी उनोवर त्या दोन पिनांचं पीडब्ल्यूएम स्वतःकडे घेते. बझरसाठी टोन हा आदेश वापरला तर पिन ३ आणि ११ अडतात. अशा वेळी मोटर दुसऱ्या पिनवर न्या.

यानंतर नॉब जोडा, पण मोटरशिवाय. नॉबचं वाचन सीरियल मॉनिटरवर, म्हणजे लॅपटॉपवर अर्डुइनोचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीत, छापा. १० किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे हाच नॉब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ० ते १०२३ असा सरकायला हवा. सतत १०२३ दिसत असेल तर ग्राउंडकडचा पाय सुटलेला आहे. आकडे वाऱ्यासारखे उडत असतील तर मधला पाय. अगम्य चिन्हं येत असतील तर कोडमधला आणि मॉनिटरवरचा वेग, बहुधा ९६००, जुळलेला नाही.

नॉब एकदाच पूर्ण फिरवला आणि मोटर चार वेळा हळू-जोरात, हळू-जोरात झाली, हा दोष पाहायला गमतीचा आणि शिकायला उत्तम आहे. नॉब ० ते १०२३ देतो, पीडब्ल्यूएमला ० ते २५५ हवं असतं. भागिले ४ करायचं राहून गेलं की पिन ३ सारख्या पिनेवर आकडा २५५ नंतर पुन्हा शून्यापासून मोजला जातो.

पायरी ४: सगळं जोडा, पण बल्बवरच

पिनची तार परत लावा. नॉब फिरवा. बल्ब मंद ते प्रखर असा सरळ जात असेल तर तुमची साखळी बरोबर आहे आणि उरलेला प्रश्न मोटरच्या स्वभावाचा आहे.

पायरी ३ चोख, तरी इथे किंवा पायरी २ ला बल्ब हलत नाही? ग्राउंड बघा. अर्डुइनो लॅपटॉपवर, मोटर बॅटरीवर, आणि दोघांचे मायनस एकमेकांना जोडलेलेच नाहीत. गेटला ५ व्होल्ट मिळतात ते सोर्सच्या तुलनेत. सोर्स आणि अर्डुइनोचा ग्राउंड वेगळे राहिले तर त्या ५ व्होल्टला अर्थच उरत नाही. मी स्वतः पहिला कंट्रोलर बनवला तेव्हा याच चुकीत एक अख्खा रविवार घालवला होता. तार लावलेली दिसत असली तरी मीटरच्या बीपवर खात्री करा. जंपर तारा आतून तुटतात आणि वरून धडधाकट दिसतात.

पायरी ५: आता मोटर

*सुरू होताच अर्डुइनो रिसेट होतो.* कोडच्या सुरुवातीच्या भागात 'सुरू' असा एक शब्द छापायला लावा. मोटर हलताना तो पुन्हा पुन्हा छापला जात असेल तर बोर्ड मरून जिवंत होतोय. मोटरच्या सुरुवातीच्या ८ अँपिअरच्या ओढीने व्होल्टेज क्षणभर बसतो. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर तर हे व्हायचंच, ती मोटरसाठी नाहीच. मोटर अर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून चालवत असाल तर आत्ताच थांबवा. उपाय: अर्डुइनोची आणि मोटरची वीज बॅटरीपासूनच वेगळ्या तारांनी न्या, आणि बोर्डाकडच्या वाटेवर १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर लावा, धन-ऋण बघून. तोच मोठा कपॅसिटर मोटरच्या टोकांवर लावू नका. तिथे मॉसफेटला दर उडीला तो भरावा लागतो आणि मॉसफेट तापतो. मोटरच्या टोकांवर फक्त ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, ज्यावर १०४ छापलेलं असतं.

*बोर्ड मधेच गोठतो, सीरियलवर कचरा येतो.* ब्रशच्या ठिणग्या. तो १०४ चा कपॅसिटर थेट मोटरच्या पायांवर झाळा, मोटरच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्या आणि नॉबच्या तारा त्यांच्यापासून लांब ठेवा.

*मॉसफेट वारंवार जळतो.* डायोड आहे का? मोटरच्या गुंडाळीतून वाहणारा करंट मॉसफेट बंद होताच थांबायला तयार नसतो. त्याला वाट मिळाली नाही तर व्होल्टेज उसळी मारतो आणि ५५ व्होल्टचा मॉसफेट फुटतो. डायोड ती वाट देतो. ३ अँपिअरच्या मोटरला १एन४००७ लावू नका, तो १ अँपिअरचा आणि संथ आहे. १एन५८२२ हा ३ अँपिअर, ४० व्होल्टचा शॉट्की लावा, आणि तो मोटरच्या टोकांवरच, लांब ब्रेडबोर्डवर नको. उलटा लागला तर मॉसफेट उघडताच बॅटरी शॉर्ट होते. सुरुवातीला बसवलेला फ्यूज इथे तुम्हाला वाचवतो.

*बोर्ड चालू करताच मोटर आपोआप झटका घेते.* अर्डुइनो जागा होईपर्यंत पिन अधांतरी असते, गेटही अधांतरी. गेट-सोर्समधला १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावायचा राहिला आहे.

*कमी वेगाला नुसती गुणगुणते, फिरत नाही.* हा दोष नव्हे. पंपाच्या डायफ्रॅमला हलवायला किमान जोर लागतो. तुमच्या मोटरचा किमान आकडा शोधा: १० पासून सुरू करून पाच-पाचने वाढवा, कुठे सुटते ते लिहा. समजा ७० ला सुटते. मग नॉबचं शून्य सोडून बाकीचं अंतर ७० ते २५५ मध्ये बसवा, आणि थांबलेल्या मोटरला सुरू करताना १५० मिलिसेकंद पूर्ण २५५ देऊन मग हव्या आकड्यावर आणा. गुणगुणत अडकलेली मोटर तशीच सोडू नका, ती करंट घेते आणि तापते.

*कानाला बोचणारी शिट्टी येते.* उनोवर पिन ५ आणि ६ ची वारंवारता ९८० हर्ट्झ, बाकीच्यांची ४९० हर्ट्झ. दोन्ही ऐकू येतात. पिन ९ आणि १० ज्या टायमरवर चालतात त्याचा विभाजक १ केला तर वारंवारता ३१ किलोहर्ट्झच्या पुढे जाते आणि आवाज जातो. पण अर्डुइनोची पिन २० मिलिअँपिअरच्या आसपासच सुखाने देते. एवढ्या वेगाने गेट भरायला-रिकामं करायला ती कमी पडते आणि मॉसफेट अर्धवट उघडा राहून तापतो. मग मधे गेट ड्रायव्हर आयसी घालावा लागतो. शेतातल्या पंपाला मी ४९० वरच ठेवतो, पंपाच्या थडथडीपुढे ती शिट्टी ऐकूही येत नाही. पिन ५-६ च्या टायमरला मात्र हात लावू नका, त्यावर डिले आणि मिलीस हे वेळेचे आदेश चालतात आणि सगळी वेळ बिघडते.

मॉसफेटऐवजी एल२९८एन असेल तर

लाल रंगाचा, काळ्या हीटसिंकचा हा मोटर चालवायचा तयार बोर्ड मुलांचा लाडका आहे. त्यावर वेग बदलतच नसेल तर एनेबलच्या पिनेवरची छोटी टोपी बघा. ती बसलेली असेल तर एनेबल कायम ५ व्होल्टला बांधलेलं असतं आणि मोटर सदैव पूर्ण वेगात. टोपी काढा आणि पीडब्ल्यूएमची तार तिथे लावा. दुसरं म्हणजे हा जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टरचा आयसी आहे; १ अँपिअरला साधारण २ व्होल्ट आणि २ अँपिअरला त्याहून बरेच जास्त तो स्वतःच खातो. १२ टाकले आणि मोटरला ९ मिळाले तर बोर्ड बिघडलेला नाही, तो असाच आहे. एका बाजूला २ अँपिअरची मर्यादा असल्याने फवारणी पंपासाठी मी तो वापरू देत नाही. खेळण्यातल्या गाडीला ठीक.

ईएसपी३२ वाल्यांसाठी थोडंसं

अर्डुइनोऐवजी वापरता येणाऱ्या या कंट्रोलर बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, तेव्हा 'एल'वाला मॉसफेटही इथे काठावर येतो. गेट ड्रायव्हर लावलेला बरा. पिन ३४ ते ३९ फक्त वाचण्यासाठी आहेत, त्यांतून पीडब्ल्यूएम निघत नाही. आणि जुन्या व्हिडिओतला कोड कम्पाइलच होत नसेल तर घाबरू नका: अर्डुइनोसाठीच्या ईएसपी३२ पॅकेजच्या ३.० आवृत्तीपासून पीडब्ल्यूएमचे सेटअप आणि अ‍ॅटॅचपिन हे दोन आदेश जाऊन एकच अ‍ॅटॅच आला आहे.

नोझल बदललं की वेग पडतो

बल्ब ठीक, मोटर ठीक, नॉब ठीक, पण बारीक नोझल लावलं की मोटर मंदावते. इथे काहीच बिघडलेलं नसतं. पीडब्ल्यूएमने आपण मोटरला व्होल्टेज ठरवून देतो, वेग ठरवून देत नाही. भार वाढला की मोटर जास्त करंट घेते आणि वेग सोडते. वेग खरोखर धरून ठेवायचा असेल तर तो मोजावा लागेल. मोटरच्या दांड्यावर छोटं चुंबक चिकटवा, समोर ए३१४४ हा चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, त्याच्या आउटपुटपासून ५ व्होल्टला १० किलो-ओहम, आणि ते आउटपुट पिन २ च्या इंटरप्टला. आधी फक्त फेरे मोजून छापा. मोटर थांबलेली असताना फेरे शून्य येत नसतील तर सेन्सरपर्यंत ठिणग्यांचा त्रास पोहोचतोय, पुढे जाऊ नका. मोजणी पक्की झाली की हवा तो वेग आणि मोजलेला वेग यांतल्या फरकाच्या प्रमाणात पीडब्ल्यूएम वाढवणारा एकच साधा गुणक लावून बघा. साठत जाणारी दुरुस्ती (आधीच्या सगळ्या फरकांची बेरीज धरणारी) नंतर, अगदी थोडी, आणि तिला वरची मर्यादा घालून. नाहीतर टाकी रिकामी झाल्यावर ती साठत राहते आणि पुढची टाकी भरताच पंप अंगावर येतो.

शेतात नेण्याआधी

टेबलावर दहा मिनिटं चालला म्हणजे झालं, असं धरू नका. पूर्ण बॅटरीवर, २५५ ला, लान्स उघडी ठेवून अर्धा तास चालवा. दर पाच मिनिटांनी मॉसफेटच्या पत्र्याला बोट लावा. तीन सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर हीटसिंक हवा. मग मधल्या वेगाला, साधारण १२८ वर, तेवढाच वेळ; तिथे डायोड जास्त तापतो.

डबी बंद करताना तारा खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे फवाऱ्याचं पाणी तारेवरून ओघळून आत शिरणार नाही. डबी काळ्या रंगाची नको, पाठीवर थेट ऊन लागतं. नॉबच्या दांड्याभोवती रबरी वायसर टाका, काळ्या मातीची धूळ तिथूनच आत जाऊन पोटेन्शिओमीटर खरखरवते. पहिली टाकी साध्या पाण्याची, सकाळी नव्हे तर दुपारी दोनला मारा. आणि खिशात ५ अँपिअरचे दोन जादा फ्यूज ठेवा. एक उडाला तर लगेच दुसरा लावू नका, आधी पायरी १ पासून पुन्हा मोजा.